संसार कुरकुरतोय, जायचं कुणाकडे? : सातारा-सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सातारा
आणि मा. जिल्हाधिकारी, सांगली यांस,



दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. सातारा आणि सांगली हे जिल्हे कारभाराला वेगळे, सोयरिकीला एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, पण लेकी द्यायच्या-घ्यायच्या वाटा काही बदलल्या नाहीत. कराडची लेक विट्याला दिलेली, तासगावची कोरेगावला. नवराबायकोचं बिनसलं की एक बाजू एका जिल्ह्यात बसते आणि दुसरी दुसऱ्या. दुसरं कारण अधिक नेमकं आहे. संकटातल्या महिलांसाठीचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ज्या समितीच्या देखरेखीखाली चालतं, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे मी जे मागणार आहे, त्यासाठी आपल्याला मंत्रालयाकडे फार पाहत बसावं लागणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात ‘रिलेशनशिप कोच’, ‘मॅरेज कोच’, ‘लाइफ कोच’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. मोबाइलवर तर त्यांचा सुकाळच. आधी चहाच्या किमतीतला वेबिनार, मग काही हजारांचा कोर्स, मग डोंगरावरच्या थंड हवेत निवासी शिबिर. दुसरीकडे सातारा, कराड, सांगली, मिरज इथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, काही मानसशास्त्रज्ञ आहेत, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडचं कृष्णा रुग्णालय आहे. संसार कुरकुरायला लागलेल्या जोडप्याने यातल्या कुणाकडे जावं?

पुस्तकी उत्तर सोपं आहे. कोच पुढचं बघतो : काय हवंय, कसं करायचं, कधीपर्यंत. थेरपिस्ट दुखणं बघतो : काय झालंय, कधीपासून, का भरत नाही. हे उत्तर चूक नाही, पण आपल्याकडे ते कामाचंही नाही. कारण आपल्याकडे ही निवड गरज पाहून होतच नाही, अब्रू पाहून होते. ‘आम्ही दोघं शिबिराला गेलो होतो’ हे पाहुण्यारावळ्यांत सांगता येतं, फोटोही टाकता येतो. ‘मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडे जातोय’ हे सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं जात नाही. उद्या धाकट्या बहिणीची सोयरीक जमवताना कुणीतरी ते उकरून काढील, ही धास्ती असते. म्हणून ज्याला उपचार हवेत तो कोर्सचे पैसे भरतो. ज्यांचं नीट बोलायला शिकल्याने भागलं असतं, ती जोडपी कुठेच जात नाहीत. त्यांच्यासाठी मामा आणि चुलते बैठक बसवतात.

कोच मंडळींना सरसकट भोंदू ठरवायचा मोह होतो. तो अन्याय होईल, कारण कोचचं काम खरोखर कुठे आहे ते आपल्याच जिल्ह्यांत दिसतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं आणि घरटी सैनिक देणारी गावं या टापूत आणखीही आहेत. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. तोवर बायकोने घर, शेती, सोसायटीचं कर्ज, मुलांची शाळा, सासऱ्यांचं आजारपण सगळं एकटीने निभावलेलं असतं. हा येतो आणि पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘हे कुणाला विचारून केलं?’ इथे कुणी आजारी नाही, कुणी दुष्ट नाही. घरात दोन कारभारी झालेत, एवढंच. कुठला निर्णय कुणाचा, पेन्शनच्या पैशाचं काय, आईसमोर काय बोलायचं आणि काय खोलीत बोलायचं, याची सहा-आठ बैठकांत घडी बसवून देणारा समंजस कोच इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाल्यांची घरं घ्या. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली. नवरा तिकडे, बायको गावी; किंवा बायको तिकडे एका खोलीत, जिथली भाषाही तिला येत नाही. पाटण-जावळीच्या माथाडी कामगारांच्या कित्येक पिढ्या मुंबईत अशाच राहिल्या. दूर राहून संसार करायचं एक वेगळंच शास्त्र असतं आणि आपल्याकडे ते कुणी शिकवत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचं निरीक्षण करून असं मांडलं की, नवराबायकोच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. स्वभाव, सवयी, माणसं यांतून ते पुन्हापुन्हा उगवतात. सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत, ती त्यांच्यासकट राहायला शिकतात. आमच्या आज्यांना हे आकडेवारीशिवाय ठाऊक होतं, पण त्यांच्याकडे शिकणं एकट्या बाईच्या वाट्याला होतं. ते दोघांनी मिळून शिकावं यासाठी कोणी पैसे घेऊन मदत करत असेल, तर माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पुढे सुरू होते. कोच कुणीही होऊ शकतो. भारतात त्यासाठी परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था प्रमाणपत्रं देते. तिच्या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, आणि पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे तेवढंही असतंच असं नाही. याउलट चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला एम.ए.नंतर रुग्णांसोबत दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण घेण्याची पद्धत आहे आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. मानसोपचारतज्ज्ञ तर डॉक्टरच, त्याची नोंद वैद्यकीय परिषदेत असते. या दोन टोकांच्या मध्ये ‘समुपदेशक’ नावाचं मोठं पटांगण आहे. तिथे टाटा समाजविज्ञान संस्थेतून शिकून आलेली कसलेली कार्यकर्तीही उभी असते आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला विमा एजंटही. २०२१ च्या कायद्याने समुपदेशकांना संलग्न आरोग्य व्यावसायिकांत धरलं आहे. ते आपल्या गल्लीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

तासांचा हिशेब मी पदवीच्या अभिमानापोटी मांडत नाही. त्या जादा वर्षांत माणूस एक गोष्ट शिकतो, ती म्हणजे भांडणाच्या कपड्यात आलेला आजार ओळखणं.

उदाहरणं आपल्या घराघरांतली आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तीन-चार महिन्यांनी सून सासरी येते ती बदलूनच. झोप नाही, जेवण नाही, बाळाला घेत नाही, कुणी बोललं की रडते नाहीतर अंगावर येते. सासरचे म्हणतात, माहेरच्यांनी कान भरले. माहेरचे म्हणतात, सासुरवास होतोय. बैठक बसते, कागद होतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य हे नाव त्या बैठकीत कुणाच्या तोंडी येत नाही, आणि ते तर बरं होणारं दुखणं आहे. अशा बाईला ‘कृतज्ञतेची डायरी लिहा’ सांगणारा कोच तिचे महिने वाया घालवतो. बाळंतीण म्हटल्यावर ते महिने फार महागात पडू शकतात.

तसाच संशय. बायको फोनवर कुणाशी बोलली, दुधाला जायला एवढा वेळ का लागला, दार उघडायला उशीर का झाला. याला आपण ‘संशयी स्वभाव’ म्हणून सोडून देतो आणि कोच त्याला विश्वासाचा प्रश्न म्हणतो. दोघांनी फोनचे पासवर्ड एकमेकांना द्यावेत, असा तोडगाही निघतो. पण काही माणसांत, विशेषतः वर्षानुवर्षं दारू प्यालेल्यांत, हा संशय म्हणजे पक्का भ्रम असतो. पुराव्याने तो कमी होत नाही, वाढतो. त्याला औषध लागतं आणि तोवर बायकोच्या सुरक्षिततेची सोय लागते.

आणि दारू. दारू असलेल्या घरात ‘संवाद सुधारा’ हा सल्ला देणाऱ्याने आधी संध्याकाळी सातनंतर त्या घरी जाऊन यावं. इथे साताऱ्याला अभिमान वाटावा असं काम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला डॉक्टर झाले, साताऱ्यात राहिले आणि त्यांच्या पुढाकारातून ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था उभी राहिली. महाराष्ट्र त्यांना अंधश्रद्धा निर्मूलनासाठी ओळखतो, पण माझ्या मते ही दोन कामं मुळात एकच होती. नवरा पितो म्हणून देवऋषाकडे जाणारी बाई आणि नवऱ्याने टाकलं म्हणून ‘वशीकरण’वाल्या बाबाला पैसे देणारी बाई, दोघींना दुसरं दार माहीत नव्हतं. २०१३ मध्ये दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. देवऋषी थोडे दबले. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत आता कोट घातलेली माणसं येऊन बसू नयेत, एवढं तरी आपण पाहायला हवं.

गंमत अशी की, दारूसाठी जोडप्याने मिळून घ्यायची जी उपचारपद्धती जगात चांगली अभ्यासली गेली आहे, ती दिसायला अगदी कोचिंगसारखी असते. रोज ठरलेल्या वेळी त्याने ‘आज पिणार नाही’ असं म्हणायचं, तिने मागचं न उकरता त्याचे आभार मानायचे, दोघांनी कॅलेंडरवर खूण करायची. फरक एवढाच की ती सुरू करण्याआधी उपचार करणारा तपासतो, शरीराला दारू सोडवणं झेपेल का, घरात गंभीर मारहाण आहे का. असेल तर ती पद्धत वापरतच नाहीत. तंत्र कुणीही शिकेल, पण हे तपासायचं असतं हे ठाऊक असणाऱ्याला मी तज्ज्ञ म्हणते.

मानसोपचाराच्या बाजूलाही बोल लावायला हवेत. आपल्या दोन जिल्ह्यांत दोघांना समोर बसवून तासभर ऐकणारा तज्ज्ञ मिळणं कठीण. बाह्यरुग्ण विभागाची रांग, दहा मिनिटं, गोळ्या, पुढची तारीख. एकालाच पाहून दुसऱ्याबद्दल मत बनवणं हाही धोका तिथे असतो. जत किंवा म्हसवडहून मिरज-साताऱ्याला यायचं तर दोघांची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं वेगळं. लैंगिक अडचणीबद्दल डॉक्टर विचारत नाही आणि जोडपं सांगत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यात वाचकांच्या असल्या शंकांना सडेतोड उत्तरं दिली आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. इतकी वर्षं लोटली तरी आपल्या तालुक्याच्या गावी तो प्रश्न मोठ्याने विचारता येत नाही. असं असताना लोक कोचकडे वळले तर दोष लोकांचा नाही. कोच त्यांना ‘बसा’ म्हणतो, पाणी देतो, नावाने हाक मारतो. सरकारी दवाखान्याने यातलं निदान पहिलं शिकायला हरकत नसावी.

एका गोष्टीत मात्र उपचाराचं पारडं निर्विवाद जड आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. कोचवर असं कायद्याचं बंधन नाही. उलट, ‘आमचं लग्न यांनी वाचवलं’ असं सांगणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ हीच काहींची जाहिरात असते. कृष्णाकाठी एका गावात सांगितलेलं दुसऱ्या गावात पोचायला वेळ लागत नाही, हे आपल्याला मी काय सांगावं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. कोचिंग की थेरपी हा प्रश्न दुसरा आहे. त्याआधीचा प्रश्न असा की, नवराबायकोपैकी कुणाला दुसऱ्याची भीती वाटते का? मारहाण, धमकी, पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं, जबरदस्ती, यांतलं काही असेल तर दोघांना एकत्र बसवणं हाच घात ठरू शकतो. खोलीत बायको खरं बोलते आणि त्याची किंमत घरी चुकवते. खोलीत गप्प बसली तर ‘तिची काही तक्रारच नाही’ असं लिहिलं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हे ओळखलं होतं. त्याच्या नियमावलीतला चौदावा नियम सांगतो की, समुपदेशनात हिंसा करणाऱ्याला ‘तिनेच मला तसं करायला लावलं’ छापाचं समर्थन करता येणार नाही आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगायचं. पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या बहुतेक बैठका नेमक्या त्याच समर्थनापासून सुरू होतात : ‘बाई, तुझंही काही चुकलं असेल.’

बैठकीचा मी तिरस्कार करत नाही. या मातीत तिला मोठा इतिहास आहे. बेचाळीसच्या प्रतिसरकारने याच दोन जिल्ह्यांत न्यायदान मंडळं चालवली, बिनखर्चाची गांधी-लग्नं लावली. २००७ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही तर तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा गृहमंत्री असतानाची. बांधाचे, वाटणीचे असंख्य तंटे त्यात गावातच मिटले. पण बांध आणि बाई यांत फरक आहे. बांधाचा तंटा मिटला की दोन्ही शेतकरी आपापल्या घरी जातात. नवराबायकोचा ‘मिटवला’ की ती त्याच घरात परत जाते. गावाला बक्षीस हवं, समितीला आकडा हवा, अशा वेळी ‘नांदायला पाठवली’ हीच यशाची नोंद होण्याचा धोका असतो. ती पुढे कशी नांदली, याचा रकाना त्या नोंदवहीत असायला हवा.

वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा मागण्या होत्या रेशनकार्डाच्या, घराच्या, जमिनीच्या. मला त्या मागण्या मानसशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक वाटतात. जिला परत जाण्यावाचून गत्यंतर नाही, तिची ‘संमती’ कोच घेवो, थेरपिस्ट घेवो की तंटामुक्ती अध्यक्ष, ती संमती नसते. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हातात असलेली बाई थेरपीतही वेगळं बोलते.

तर माझं मागणं. ‘सखी’ केंद्र, पोलिसांचा महिला कक्ष, तंटामुक्ती समिती, ग्रामपंचायत, आशा आणि अंगणवाडी ताई, म्हणजे जिथे जिथे मोडकं नातं पहिल्यांदा दार ठोठावतं तिथे दोघांना वेगवेगळं बसवून आधी भीतीबद्दल विचारायचं, मग दारूबद्दल, मग झोप-भूक आणि जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल, असा साधा दंडक आपण दोघांनी मिळून घालून द्यावा. भीती असेल तर ‘सखी’ केंद्र, संरक्षण अधिकारी किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन. आजाराची शंका असेल तर मानसोपचार विभाग, आणि तिथवर पोचता येत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक, जिथे मराठीत आणि कुठल्याही वेळी बोलता येतं. यातलं काहीच नसेल तरच कोच, समुपदेशक, शिबिर, वडीलधारे, ज्याला जे परवडेल ते.

पैसे घेऊन नातेसंबंधांवर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने आपलं शिक्षण, नोंदणी क्रमांक असल्यास तो, फी आणि ‘मी काय करत नाही’ हे दर्शनी भागात लिहावं, असं जाहीर आवाहन आपल्या सहीने निघावं. कायद्याने सक्ती करता येत नसली तरी आपल्या सहीला इथे वजन आहे. चांगले कोच ते आनंदाने लिहितील. ‘हे माझं काम नाही, तुम्ही मिरजेला डॉक्टरांकडे जा’ असं ज्याने कधीच कुणाला सांगितलेलं नाही, त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही, इतरांनीही पाठवू नये.

आणखी एक. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दुपार फक्त जोडप्यांसाठी ठेवता येईल का, ते पाहावं. पाटीवर ‘मनोरुग्ण’ हा शब्द नको. ‘कुटुंब सल्ला’ लिहा, वेगळं दार द्या, दहा मिनिटांऐवजी पाऊण तास द्या. अब्रू सांभाळून उपचार मिळतात हे एकदा कळलं की लोक येतात. व्यसनमुक्तीच्या बाबतीत साताऱ्याने हे पाहिलेलं आहे.

येत्या लग्नसराईच्या आधी दोन्ही जिल्ह्यांची एक संयुक्त बैठक आपण बोलवावी आणि त्या बैठकीला एखादी नांदून परत आलेली, एखादी न नांदता उभी राहिलेली बाईही बोलवावी, ही विनंती.

आपली नम्र,
कराडची एक नागरिक